दुसऱ्या खोलीतलं बोलणं

त्या दिवशी मी बसथांब्यावर गेले एका माणसाला आणायला, आणि घेऊन आले भलत्यालाच.

बर्फ पडत होता. छुनछॉनहून आलेल्या बसमधून एकच जण उतरला. अंगात काळा कोट, छातीशी घट्ट धरलेली पिशवी. उतरला तो तिथंच उभा राहिला... पुढं पाऊल टाकायला कुणाची तरी परवानगी हवी असल्यासारखा. ते उभं राहणं मी चांगलं ओळखते. वर्षानुवर्षं इस्पितळात काढलेली माणसं अशीच उभी राहतात, आणि आमच्या घरी त्या दिवशी असाच एक नवा माणूस राहायला यायचा होता.

मी त्याची पिशवी घेतली, कोपराला धरलं आणि म्हटलं, "घाबरू नका. आमच्याकडे दारांना कुलपं नसतात. आणि तुमच्याबद्दल दुसऱ्या खोलीत कुणी बोलत नाही."

तो कमरेतून वाकला. "देवी, आपली कृपा अपार आहे. हा दास आपल्यामागून येईल."

मनात म्हटलं, बिचारा! स्वतःला राजदरबारातला समजतोय. आमच्याकडे असेही राहून गेले होते, त्यामुळे मी हसले नाही. निसरड्या उतारावरून त्याला सांभाळून नेत विचारत राहिले — सकाळची गोळी घेतली का, पोटात काही आहे का...

"गोळी घेतली," तो गंभीरपणे म्हणाला. "बस लागते मला. म्हणजे... या देहाला."

दारात मेंग डॉक्टर उभ्या होत्या. आमचं 'बोम्नाल' घर त्यांनीच उभं केलेलं. मनाच्या आजारातून उठणाऱ्यांनी मिळून राहावं, मिळून काम करावं म्हणून. मला त्याला धरून आणताना पाहिलं आणि त्यांचा चष्माच नाकावर घसरला.

"अगं सोरान, हे ओनोदेरा! जपानच्या इस्पितळातले नर्स. हिवाळाभर आपलं काम बघायला आलेत!"

खरे नवे पाहुणे, दोक्पाल काका, आधीच्या बसनं येऊन स्वयंपाकघरात सूप भुरकत बसले होते.

माझे कान तापले. "मग मघाशी बोलला का नाहीत?"

"आपण हात धरला होता," तो म्हणाला. "वाटलं, बोललो तर सोडाल."

ही आमची पहिली भेट. ओशाळी, आणि खरं सांगायचं तर मला आवडलेली.

कात्सुमी ओनोदेरा आमची भाषा शिकला होता त्याच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटांबरोबर आमच्या ऐतिहासिक मालिका बघून बघून. त्यामुळे मीठ मागायचं तरी "लवणाची आज्ञा व्हावी" म्हणायचा. पहिल्याच जेवणात ओक्बुन मावशीनं त्याचं नाव ठेवलं — प्रधानजी. ओक्बुन मावशीचं अर्धं आयुष्य इस्पितळात गेलं, पण जिभेची धार तसूभर कमी झाली नाही.

दोन देशांमधली ही देवाणघेवाण जुनी आहे. हिवाळ्यात त्यांचा एक माणूस आमच्याकडे, शरदात आमचा एक त्यांच्याकडे. आमच्याकडून आजवर पदवीवालेच गेले. माझं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं, आणि घ्या असं मीही म्हटलं नव्हतं.

सकाळी आम्ही सगळे खालून तापवलेल्या जमिनीवर गोल करून बसतो आणि आपलं आतलं हवामान सांगतो. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखं सांगितलं, "मी सोरान. इथं नोकरी करते, कारण मलाही हा आजार आहे. कानात एक बाई बोलते. औषध घेतलं की ती बहुतेक गप्प असते. आज आत थोडं धुकं."

मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं. असं सांगितलं की लोकांचे चेहरे मऊ होतात, आजारी लेकरासमोर होतात तसे. ते मला मुळीच आवडत नाही. पण त्याचा चेहरा मऊबिऊ झाला नाही.

"मी कात्सुमी," तो म्हणाला. "आज आत... लाज. काल एका देवीनं मला पेशंट समजून आणलं, आणि आज कळतंय की मी तिला नर्स समजलो होतो."

सगळे खो-खो हसले. मीही.

आमच्या घरात कुणी कुणाला 'सर' म्हणत नाही. पण त्याहून मोठा नियम एकच : माणसाबद्दल बोलायचं ते माणसासमोर. दोघांना एखाद्याबद्दल आपसांत काही ठरवायचं असेल, तर कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या आणायच्या, समोरासमोर मांडायच्या आणि एकमेकांकडे बघून बोलायचं. ज्याच्याबद्दल बोलणं, त्यानं शेजारी बसून ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. शेवटचा शब्द मात्र त्याचा. एरवी त्या खुर्च्यांवर कुणी बसत नाही.

इतरांना हा नियम म्हणजे कामाची एक पद्धत वाटत असेल. मला तो श्वासासारखा लागतो. कारण माझं सगळं नेहमी दुसऱ्या खोलीतच ठरत आलं. विशीत पहिल्यांदा आवाज आला तेव्हा आईबाबा आणि डॉक्टर आतल्या खोलीत गेले, बाहेर आले तेव्हा माझी भरती ठरली होती. पुढं बरी झाले, एकाशी लग्न ठरलं. त्याला मी स्वतःच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, मला चालेल. मग दोन्ही घरं एका हॉटेलात जेवायला जमली. मोठी माणसं शेजारच्या खोलीत गेली आणि तो माझ्यासमोर मान खाली घालून मुळ्याच्या फोडी चिवडत बसला. मंडळी बाहेर आली तेव्हा लग्न मोडलं होतं. ते मोडलं याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू? पण आजही जिव्हारी लागतं ते एवढंच, की मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं होतं, पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. पण ठरवून थोडंच काही होतं!

आमच्या गावात हिवाळा म्हणजे मासळी. समुद्रावरून म्यॉन्गते माशांच्या गाड्या येतात, आणि डोंगरउतारावर लाकडी मांडव बांधून ती जोडीजोडीनं टांगायची. गोठते, उन्हानं सैल पडते, पुन्हा गोठते. बर्फ वितळायच्या सुमाराला पिवळी, मऊ होऊन उतरते. बोम्नालची सगळी माणसं हे काम करतात. प्रधानजीही आले.

"देवी, हे मासे माझ्याकडेच का बघतात?"

"नवा माणूस दिसला की बघणारच."

"आपण तर नाही बघत."

"मी गाठी बघते. ही बघा, सुटली तुमची."

"सुटली नाही. आपण जवळ यावं म्हणून सोडली."

"प्रधानजी, दरबारात असलं बोललं की मान उडवतात म्हणे."

"मान गेलीच आहे," तो पुटपुटला आणि पुढच्या जोडीला गाठ मारायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. थंडी होतीच म्हणा.

शेकोटीत भाजलेलं रताळं तो मोडायचा आणि मोठा तुकडा माझ्या हातात ठेवायचा. त्याची नजर चुकवून मी अदलाबदल करायचे. दुसऱ्या दिवशी तो मोठा तुकडा आधीच एक घास खाऊन द्यायला लागला, बदलता येऊ नये म्हणून. एकदा वारा फार सुटला, तेव्हा त्यानं मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. गाठ मारताना त्याची बोटं थांबली... मी वर पाहिलं. पापण्यांवर बर्फ साचला होता त्याच्या. तेवढ्यात पलीकडून ओक्बुन मावशी ओरडली, "माणसं टांगायची नाहीत रे, मासे टांगायचेत!"

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

हसू नका. तुम्हाला झोप उडाली तर उडाली. माझ्यासाठी ती धोक्याची घंटा असते. जेवण जाईना, छातीत धडधड, एका जागी बसवेना. मागं आजार उलटला तेव्हा सुरुवात अगदी अशीच झाली होती. हे प्रेम आहे की मी पुन्हा आजारी पडतेय, हे मला कळेना, आणि मी खरंच घाबरले. मग जे करायचं तेच केलं. सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं.

"मी सोरान. आत वारा. झोप नाही, भूक नाही, छाती धडधडते. कानातली बाई गप्प आहे... पण मला भीती वाटते."

मावशी फिस्सकन हसली. "ही लक्षणं माझ्या ओळखीची आहेत. इस्पितळाच्या धोबीखात्यात एक होता, त्याच्यापायी मला झाली होती. यावर गोळी नाही गं पोरी!"

सगळे हसले. मी चोरून त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर नर्सचा चेहरा आला होता.

दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "माझ्या इस्पितळातून बोलावणं आलंय. या आठवड्यातच निघावं लागेल."

देवी नाही, दास नाही. सरळ, कोरडं वाक्य. मासळी उतरेपर्यंत तो राहणार होता, आणि मासळी अजून पुरती गोठलीही नव्हती.

"बरं," मी म्हणाले. "तुमच्या गाठी मी मारीन."

आणि मांडवाखाली जाऊन ढसाढसा रडले. बोलावणं आलं तर जायलाच हवं, हे कळत होतं. तरी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोक्पाल काकांची पाळी आली. काकांना भिंतीतला रेडिओ ऐकू येतो. हवामानाऐवजी ते बातम्याच देतात. आदल्या दिवशी जेजू बेटावरच्या डुकरांना मंत्रिपदं मिळाली होती. काकांनी घसा खाकरला.

"आजच्या ठळक बातम्या. धान्याच्या खोलीत डॉक्टर आणि प्रधानजी यांची बैठक झाली. सोरानची झोप प्रधानजींमुळे उडाली आहे, असं ठरलं. प्रधानजींनी लवकर जावं आणि इस्पितळाचं निमित्त सांगावं, हेही ठरलं. सोरानला कळवायचं नाही. हवामान : बर्फ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. कात्सुमी जमिनीकडे बघत होता... मुळ्याच्या फोडी चिवडणाऱ्यासारखा.

"काका," मी विचारलं, "रेडिओ कुठे लागला होता?"

"धान्याच्या खोलीत. मी तांदूळ आणायला गेलो, तर आत चालूच होता."

टाळ्या थांबल्या. मी उठून उभी राहिले.

"खरं आहे का हे, ओनोदेरा सर?"

त्या घरात तो शब्द शिवीसारखा पडला. डॉक्टर म्हणाल्या, "सोरान, तुला जपायचं म्हणून—"

"तेही हेच म्हणाले होते. हॉटेलात." माझा आवाज चिरकला. "मी तुम्हाला माणूस समजून माझं दुखणं सांगितलं, आणि तुम्ही माझी केस केलीत. दोघांनी. दुसऱ्या खोलीत. तुम्हीसुद्धा, डॉक्टर?"

मी दाराकडे वळले. परत यायचंच नाही, असं मनाशी म्हणत होते. मावशीनं जमिनीवर थाडकन तळवा आपटला.

"कुणी हलायचं नाही! नियम काय फक्त आम्हा येड्यांना आहे? खुर्च्या आणा."

खुर्च्या आल्या. समोरासमोर मांडल्या गेल्या. एकीवर डॉक्टर बसल्या, एकीवर तो. मला मावशीनं शेजारी जमिनीवर बसवलं आणि माझा हात आपल्या मांडीवर दाबून धरला.

"आता तिथं जे बोललात, ते इथं बोला," ती म्हणाली. "एक शब्द गाळायचा नाही."

ते बोलले. त्यानं विचारलं होतं, तिची झोप माझ्यामुळे गेली असेल का? डॉक्टर म्हणाल्या होत्या, असू शकेल, मागं फार वाईट दिवस काढलेत तिनं. तो म्हणाला होता, मग मी गेलेलं बरं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हो, आणि कारण सांगू नका, ती स्वतःला दोष देईल. ऐकताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मध्ये बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

"झालं?" मावशी म्हणाली. "आता तिथं जे बोलला नाहीस, तेही बोल, बाबा."

तो डॉक्टरांकडे बघत, अडखळत, मालिकेतला एकही शब्द न वापरता बोलायला लागला.

"डॉक्टर... मी धान्याच्या खोलीत तुमच्याशी नर्स म्हणून बोललो. ते खोटं होतं. मलाही झोप नाही. मलाही जेवण जात नाही. मी तिची लक्षणं तुम्हाला सांगितली आणि माझी लपवली." मला सोरान आवडते. बसथांब्यावर तिनं हात धरला तेव्हापासून. माझ्या वॉर्डात माणसं तरुणपणी आलीत आणि तिथंच म्हातारी झालीत. रोज संध्याकाळी त्यांच्या दाराला कुलूप मी लावतो. तिच्यावर ती वेळ माझ्यामुळे आली तर... मला ते सोसलं नसतं. म्हणून तिला न विचारता पळून निघालो होतो. तिला जपत नव्हतो मी. स्वतःला जपत होतो."

डॉक्टर डोळे पुसत होत्या. "माझंही एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "ही पोरगी तुमच्याबरोबर निघून गेली तर मी काय करू, असं मनात आलं होतं माझ्या. ते काही डॉक्टरचं बोलणं नव्हतं. एका म्हातारीचं होतं."

शेवटचा शब्द माझा होता.

मी डोळे पुसले. "आधी हे ऐका की मी चिडलेय. उद्याही चिडलेली असेन."

"परवा?" काकांनी विचारलं. मावशीनं त्यांना गप्प केलं.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, माझी झोप तुमच्यामुळेच उडाली. पण झोप माझी आहे. ती कुणापायी उडू द्यायची, ते मी ठरवीन. आजार परत येईल का? येईलही. आला तर मी सांगेन, तसं मी त्या दिवशीही सांगितलंच होतं. तुम्ही दोघांनी एवढी चर्चा केलीत, आणि एक साधा प्रश्न कुणाला सुचला नाही."

त्यानं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खुर्चीवर बसून असं बघायचं नसतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

"सोरान," तो म्हणाला, "तुला... तुला काय हवंय?"

आजवर देवी होते, आपण होते. पहिल्यांदाच 'तू' झाले. आईशपथ, कानातली बाईसुद्धा श्वास रोखून ऐकत असणार.

"मला तू हवा आहेस," मी म्हणाले. "पण मासळी उतरेपर्यंत तू इथून हलायचं नाहीस, ठरल्याप्रमाणे. आणि डॉक्टर, शरदात आपल्याकडून त्यांच्या इस्पितळात जायला माझं नाव द्या. कुणाची होणारी बायको म्हणून नाही. कामाला. तिथं राहून बघीन, आणि मग पुढचं काय ते ठरवीन."

"त्यांना तुझ्या आजाराचं कळवावं लागेल, सोरान."

"कळवा की. माझ्यासमोर बसून कळवा."

"ताजी बातमी—" काका ओरडले, आणि या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

परवापर्यंत नाही, पण चारेक दिवसांत माझा राग उतरला. मासळी त्याच्याही नंतर उतरली. तो गेला तेव्हा मी बसथांब्यावर गेले होते, आणि दोघंही रडलो. फोन व्हायचे, भांडणंही व्हायची. डॉक्टरांनी माझं नाव पाठवलं, माझ्या शेजारी बसून. होकार यायला उन्हाळा गेला.

शरदात मी जपानच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या त्याच्या गावात बसमधून उतरले. वारा खारा होता. पिशवी छातीशी धरून मी थांब्यावर उभी राहिले आणि पाऊलच उचलेना. वाटेत गप्प असलेली कानातली बाई आता बोलायला लागली, "परत फिर. तुझी इथं कुणाला गरज नाही."

कुणीतरी माझी पिशवी घेतली. कोपराला धरलं.

"घाबरू नकोस," कात्सुमी म्हणाला. "आमच्याकडे दारांना..."

तो तिथंच अडला. मी वाट पाहिली.

"आमच्याकडे दारांना कुलपं आहेत," तो हळूच म्हणाला. "खूप आहेत. तुला सगळी दिसतील. पण तुझ्याबद्दल दुसऱ्या खोलीत कुणी बोलणार नाही. वॉर्डात दोन खुर्च्या आणून ठेवल्यात मी."

माझे डोळे भरून आले. बाई अजून बोलत होती, पण तिचं बोलणं मला पाठ होतं. याचं नवीन होतं.

"सकाळची गोळी घेतली का?" त्यानं विचारलं.

"घेतली. बस लागते मला."

तो हसला आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायला म्हणून माझा हात सोडायला लागला.

"सोडू नकोस," मी म्हणाले, आणि आम्ही इस्पितळाचा रस्ता धरला.